धोंड्यांचा गोल आणि त्याखालची खोली

बंगळूरच्या माणसाला धोंड्यांचं नवल वाटत नाही. लालबागेत शिरावं तर समोर तीनशे कोटी वर्षांचा खडक उघडाबोडका पसरलेला आणि त्यावर केंपेगौडाचा बुरूज. रामनगरच्या टेकड्या तर ‘शोले’ने घरोघर पोचवल्या. मागडीच्या रस्त्याने पश्चिमेला निघालं की नाचणीच्या शेतात, तळ्याच्या बांधावर, देवळामागे, जिकडे पाहावं तिकडे गोलमटोल धोंडे. हे कुणी आणून टाकलेले नाहीत. खडक जमिनीच्या पोटात होता तेव्हाच त्याला उभ्या-आडव्या भेगा गेल्या. भेगांतून पाणी मुरलं आणि ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजले. पुढे वरची भुसभुशीत माती पावसाने वाहून गेली, तेव्हा आतले गोल गाभे तेवढे उघडे राहिले.

आता कोडं असं. धोंड्यांच्या या राज्यात एखाद्या शेताच्या कडेला पंचवीस-तीस धोंडे गोलात बसलेले दिसले, तर ते निसर्गाने टाकलेले की माणसाने मांडलेले? आणि मांडले असतील तर कशासाठी?

बंगळूरच्या आसपास हा प्रश्न खरोखरच पडतो. पन्नासेक किलोमीटरवरचा सावनदुर्ग हा १,२२६ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा डोंगर. शनिवार-रविवारी तिथे चढणाऱ्यांची रीघ असते. त्याच्या पायथ्याच्या मुलखात असे गोल आहेत आणि त्यांच्याबद्दल कॅप्टन ब्रॅनफिल यांनी १८८१ सालीच ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात सविस्तर लिहून ठेवलं आहे. शहराच्या पूर्वेला, होसकोटे तालुक्यातल्या जडिगेनहळ्ळीला म्हैसूरच्या एम. शेषाद्रींनी १९५७ साली उत्खनन केलं. उत्तरेला, विमानतळाच्या रस्त्यावरचं चिक्कजाला हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीतलं प्रागैतिहासिक स्थळ. मराठी माणसाला बंगळूर म्हटलं की शहाजीराजांची जहागीर आठवते. राजे इथे आले तेव्हाही हे गोल दोन हजार वर्षांच्या आसपास जुने होते.

उभे दगड आणि बसके दगड

गोल पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते. डोक्यात चित्र असतं ते इंग्लंडच्या स्टोनहेंजचं, नाहीतर स्कॉटलंडच्या माळावरच्या उंच शिळांचं. स्कॉटलंडच्या ईशान्येला, अ‍ॅबरडीनशर भागात, शेताशेतांत लहानलहान शिलावर्तुळं आहेत. लोनहेड ऑफ डेव्हिएट हे त्यांतलं नावाजलेलं. तिथे दगड माणसापेक्षा उंच, एकमेकांपासून सुटे आणि उभे. फक्त एका बाजूला एक अजस्र शिळा आडवी ठेवलेली, तिच्या दोन्ही अंगांना सर्वांत उंच असे दोन दगड. अशी रचना फक्त त्याच भागाची खासियत.

आपल्याकडे मागडीच्या बाजूला धोंडा जेमतेम गुडघ्याएवढा. उभा नाही, बसलेला, नव्हे अर्धा मातीत रुतलेला. शेजाऱ्याला खेटून. आतल्या बाजूला जमीन किंचित फुगलेली, तिच्यावर मुठीपासून डोक्याएवढ्या दगडांचा खच आणि त्यात उगवलेलं घाणेरीचं झुडूप. फोटो काढला तर फोटोत काहीच दिसत नाही.

पण कोड्याची किल्ली या बसकेपणातच आहे. स्कॉटलंडमधल्या उभ्या दगडांनी एक मोकळी जागा आखली आहे. आपल्या गोलाला मोकळ्या जागेशी देणंघेणं नाही, त्याला ढीग धरून ठेवायचा आहे. गावातल्या वडाचा पार डोळ्यांसमोर आणा. खोडाभोवती माती भरायची तर ती पहिल्या पावसात पसरते, म्हणून आधी कडेने दगड लावावे लागतात. ती कड म्हणजे पार नव्हे, पण कड नसेल तर पार टिकत नाही. शेतातला धोंड्यांचा गोल ही तशीच कड आहे. वरचा भराव वाऱ्यापावसाने, नांगराने आणि माणसांनी ओसरला, आणि मूळ वास्तूची नुसती किनार आपल्याला दिसत राहिली. तिलाच आपण ‘शिलावर्तुळ’ म्हणून ओळखतो.

भराव होता, तर तो कशावर होता?

खोली कशी बांधली

बंगळूर, कोलार, चित्रदुर्ग या पट्ट्यातली ठरावीक रचना अशी. आधी जमिनीत खड्डा. खड्ड्यात ग्रॅनाइटच्या चार पातळ फरश्या उभ्या करून चौकोनी पेटी, तळाला एक फरशी, वर झाकणाची जाड शिळा. म्हणजे सहा बाजूंनी दगड असलेली एक छोटी खोली. या प्रकाराला पुरातत्त्वाच्या भाषेत शिलापेटी म्हणतात. सगळ्याच गोलांखाली ती असते असं नाही. काहींखाली नुसता खड्डाच असतो.

या पेटीतली एक युक्ती पाहण्यासारखी आहे. चार फरश्या उभ्या केल्या आणि बाहेरून माती लोटली तर त्या आत कोसळायला हव्यात. चुना नाही, खिळा नाही. मग त्या टिकल्या कशा? चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ साली उत्खनन केलं, तेव्हा हे नीट दिसलं. प्रत्येक फरशीचं एक टोक शेजारच्या फरशीच्या पुढे काढलेलं होतं. वरून पाहिलं तर चार भुजा एकाच दिशेने वळलेल्या, स्वस्तिकाच्या. बाहेरची माती पहिल्या फरशीला आत ढकलते, ती दुसरीच्या कडेवर अडते. दुसरी तिसरीवर, तिसरी चौथीवर आणि चौथी पुन्हा पहिलीवर. जो दाब खोली पाडणार, तोच तिला आवळून धरतो. माती जितकी जास्त, तितकी पेटी घट्ट.

एका फरशीला, बहुधा पूर्वेकडच्या, दीड-दोन फुटांचं गोल भोक पाडलेलं असतं. त्यातून सबंध माणूस वाकूनसुद्धा धड जात नाही. भोकासमोर काही ठिकाणी लहान फरश्यांची अरुंद वाट केलेली. या भोकाचा उपयोग काय, यावर बरंच लिहिलं गेलंय. झाकणाची शिळा पुन्हा पुन्हा उचलणं कठीण, त्यामुळे पुढच्या मृतांच्या अस्थी आत ठेवायला वाट हवी होती, हे मला त्यातल्या त्यात पटणारं. ब्रह्मगिरीच्या पेट्यांत एकाहून अधिक माणसांच्या अस्थी मिळाल्या, तेही या म्हणण्याला पोषकच आहे.

पेटीवर झाकण बसलं की वर दगडमातीचा ढीग, आणि ढिगाच्या कडेने धोंड्यांचा गोल. ढीग कशाला? एक तर कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. दुसरं, दुरून दिसावं म्हणून. दहा मीटर व्यासाचा आणि मधोमध मीटरभर उंचीचा ढीग घेतला तर त्यात चाळीसेक घनमीटर माल बसतो. पोकळ जागा सोडून वजन धरलं तरी ७० टनांच्या घरात. एका पाटीत वीस किलो, या हिशेबाने साडेतीन हजार पाट्या. एका घरच्या माणसांचं हे काम नव्हे.

विदर्भात हीच रचना वेगळं रूप घेते. नागपूर परिसरातल्या गोलांखाली दगडी पेटी बहुधा नसते. गोल आणि आतला भराव मात्र तसाच. याचं एक कारण खडकात शोधता येतं. बंगळूरकडचा ग्रॅनाइट पापुद्र्यांनी सुटतो, तर विदर्भातला काळा पाषाण ओबडधोबड तुकड्यांत फुटतो. त्याच्या रुंद, पातळ फरश्या निघत नाहीत.

शिळा हलवायला माणसं किती?

ग्रॅनाइटचा पापुद्रा सुटतो म्हणजे काय, हे सावनदुर्गच्या उतारावर डोळ्यांनी पाहता येतं. हा खडक जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली थिजला. वरचं ओझं झिजून गेल्यावर तो किंचित फुलतो, आणि पृष्ठभागाला समांतर अशा भेगा पडून त्याचे थर मोकळे होतात. उतारावर वीतभर जाडीच्या, भल्यामोठ्या फरश्या निसर्गतः सुटलेल्या असतात. जिथे सुटत आल्या असतील तिथे थोडी मदत करायची. त्यांवर जाळ केला की वरचा थर तापून फुगतो आणि खालच्या थंड खडकापासून फाटतो. फटीत पाचरी ठोकल्या की काम झालं. बंगळूरच्या आसपासच्या खाणींत जाळ करून फरशी सोडवण्याची रीत अगदी अलीकडपर्यंत होती.

आता वजन. ग्रॅनाइटचा एक घनमीटर सुमारे २.७ टन भरतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड फरशी म्हणजे सव्वा टन. कोरड्या जमिनीवर लाकडी घसरगाड्यावरून ओढायची तर वजनाच्या साधारण निम्मा जोर लागतो, आणि एक माणूस सतत ओढताना तीसेक किलोचा जोर लावू शकतो असं धरू. वीस माणसं पुरतात. झाकणाची शिळा तीन मीटर बाय अडीच मीटर आणि फूटभर जाड असली तर ती सहा टनांची. तिला शंभर माणसं. लाकडाचे ओंडके खाली घातले तर आकडा बराच उतरतो, पण गाव गोळा करावा लागतो हे खरंच. आणि गाव गोळा केला की गावजेवण आलं.

हा नुसता कल्पनाविलास नाही. नागालँडमधले अंगामी नागा मोठाले दगड लाकडी गाड्यावर घालून शेकडोंच्या संख्येने ओढत आले आहेत, आणि त्यामागे मेजवानी देणारा यजमान असतो. इतकं लांब जायचं नसेल तर गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला जावं. माडिया गोंड आपल्या मृतांसाठी अजूनही उभे स्मृतिदगड रोवतात. बंगळूरच्या गोलाखालची माणसं त्यांचे पूर्वज होती असं यातून मुळीच ठरत नाही. पण राजा नसताना, यंत्र नसताना, फक्त नात्याच्या आणि पंगतीच्या जोरावर टनावारी दगड जागचा हलू शकतो, एवढं मात्र ठरतं.

हाडं थोडी, गाडगी फार

पेटी उघडली की आत सांगाडा निजलेला असेल, ही अपेक्षाही फोल ठरते. बहुतेक ठिकाणी सुटी हाडं मिळतात, तीही निवडक: कवटीचे तुकडे, हातापायांची लांब हाडं. म्हणजे मृताला आधी दुसरीकडे ठेवलं किंवा पुरलं, मांस गळून गेल्यावर काही हाडं गोळा केली, आणि मग ती समारंभाने इथे आणली. दहनानंतर अस्थी वेचण्याची आपली रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे फार परकं वाटू नये.

हाडांपेक्षा भांडी जास्त. त्यांत एक प्रकार हटकून सापडतो. आतून आणि तोंडापाशी काळंभोर, बाहेरून खाली तांबडं. दोन रंग दिलेले नाहीत, एकाच भट्टीत एकाच वेळी आलेले आहेत. कसे, ते समजून घ्यायला मजा येते. मातीत लोह असतं. भाजताना हवा मिळाली तर त्या लोहाचा तांबडा ऑक्साइड होतो, म्हणून आपली कौलं नि माठ तांबडे. हवा मिळाली नाही आणि धूर कोंडला तर माती काळी पडते. आता भांडं भट्टीत पालथं घाला आणि तोंड राखेत, भुशात रुतवा. आत हवा नाही, म्हणून काळं. बाहेर हवा, म्हणून तांबडं. दोहोंची सीमा अगदी काठाशी धूसर उमटते. भांडं किती खोल रुतवलं होतं ते त्या रेषेवरून आजही कळतं. असा तुकडा नांगरटीत हाताला लागला तर तो पटकन ओळखू येतो.

आणि लोखंड. भाले, कट्यारी, कुऱ्हाडी, विळे. दक्षिण भारतातले हे गोल बव्हंशी लोहयुगातले आहेत, हे त्यांचं स्कॉटलंडपासूनचं सगळ्यांत मोठं वेगळेपण. हे लोखंड ओतीव नव्हतं. शुद्ध लोखंड वितळायला पंधराशे अंशांवर उष्णता लागते आणि कोळसा-भात्याच्या भट्टीत ती गाठणं अशक्यप्राय. पण त्याच्या बऱ्याच खाली, धातुकातला ऑक्सिजन कोळशाचा धूर ओढून घेतो आणि मागे सच्छिद्र, मळीने माखलेला लोखंडाचा गोळा राहतो. तो तापवून ठोकायचा, मळी झाडायची, पुन्हा ठोकायचा. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या उत्खननात अशी भट्टीच सापडली, मळीसकट. नागपूरजवळच्याच माहुरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात तांब्याच्या अलंकारांनी सजवलेला घोडा मिळाला. माणसाबरोबर घोडा पुरणारे हे लोक कोण होते, याचा विचार करताना मी नेहमी त्या तांब्याच्या पत्र्यापाशी थांबतो. शेतीच्या कामाला कुणी घोडा सजवत नाही.

एक मोठी अडचण अजून सुटलेली नाही. थडगी ढीगभर आणि ती बांधणाऱ्यांची घरं मात्र मोजकी. कुडाच्या भिंती आणि गवती छप्पर हजारो वर्षं टिकत नाही, हे त्याचं अर्धं उत्तर. मेलेल्यांना दगडाचं घर आणि जित्यांना गवताचं, असा हा हिशेब होता. लोकांनीही या खोल्यांना घरच मानलं आहे. कन्नड मुलखात कुठे त्यांना पांडवांची घरं म्हणतात, तर कोप्पळ जिल्ह्यात हिरे बेणकलच्या डोंगरावर दंतकथेतल्या मोर्यांची. तिथे सुमारे चारशे बांधकामं असून बरीचशी जमिनीवर उघडी उभी आहेत. ती जागा २०२१ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

दगडाचं वय दगडाला विचारू नये

‘हा गोल किती जुना?’ या प्रश्नाचं उत्तर दगडाकडे नसतं. दगड अडीचशे कोटी वर्षांचा असतो आणि मांडणी कालचीही असू शकते. स्कॉटलंडमध्ये याचं मोठं गमतीदार उदाहरण घडलं. अ‍ॅबरडीनशरमधल्या लिओकेल-कुश्नी भागात एका शेतातलं, आडवी शिळा असलेलं शिलावर्तुळ २०१८च्या डिसेंबरात प्राचीन म्हणून जाहीर झालं. जाणकारांनी पाहणी केली, ते नेहमीपेक्षा लहान असल्याची नोंदही घेतली. महिनाभरात त्या शेताच्या आधीच्या मालकाने कळवलं की ते त्याने स्वतःच १९९०च्या दशकात हौसेने उभारलं होतं. पुरातत्त्वज्ञांनी चूक लगेच कबूल केली. मुद्दा त्यांना हसण्याचा नाही. रचना बरोबर असेल तर नुसत्या नजरेने जुनं-नवं सांगता येत नाही, एवढाच आहे.

मग काल ठरतो कसा? खालच्या वस्तूंवरून. व्हीलर यांनी ब्रह्मगिरीला थरांचा हिशेब लावला. थडग्यांच्या काळातल्या थराच्या वरच्या अंगाला नक्षीच्या विशिष्ट खापरांचा थर होता. तीच खापरं पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला रोमन मालासोबत मिळाली होती, म्हणून त्यांचा काळ ठाऊक होता. तिथून मागे मोजत त्यांनी या थडग्यांना इ.स.पू. २००च्या आसपासची सुरुवात दिली. तर्क चोख, पण हाताशी घड्याळ एकच.

दुसरं घड्याळ नंतर आलं. झाड किंवा प्राणी जिवंत असेतो हवेतला किरणोत्सारी कार्बन त्याच्या अंगात भरत राहतो. तो मेला की भरणं थांबतं आणि साठा ठरावीक गतीने घटतो, ५,७३० वर्षांत निम्मा. कोळशात किती उरला ते मोजलं की लाकूड कधी तुटलं ते कळतं. हावेरी जिल्ह्यातल्या हळ्ळूरला १९६५ साली उत्खनन झालं, आणि लोखंड वापरात आलं त्या थरातल्या कोळशाने इ.स.पू. १०००च्या आसपासचा काळ दाखवला. व्हीलर यांचा आरंभ एका झटक्यात सात-आठशे वर्षं मागे गेला. आज दख्खनच्या या थडग्यांचा मुख्य काळ ढोबळमानाने इ.स.पू. १२०० ते इ.स.पू. ३०० असा धरतात. काही भागांत प्रथा त्यानंतरही रेंगाळली.

टेलरसाहेब, कापूस कमिशनर आणि क्लोरोफॉर्मवाला डॉक्टर

स्कॉटलंड आणि दख्खन यांची तुलना आपण आज करतो आहोत असं नाही. ती दीडशे वर्षं जुनी आहे. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारे मेडोज टेलर मराठी वाचकांना माहीत आहेत. सुरपूर संस्थानाचा कारभार त्यांनी पाहिला, पुढे नळदुर्गचा जिल्हाही सांभाळला. सुरपूरच्या बाजूचे गोल त्यांनी खणले, थर पाहून उभे छेद काढले, आणि १८६०च्या दशकात रॉयल आयरिश अकादमीपुढे निबंध मांडला. निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी या वास्तूंना केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन ठरवून टाकलं होतं. खणण्याची पद्धत काळाच्या पुढची आणि निष्कर्ष काळाला साजेसा.

त्यांच्यामागून रिव्हेट-कारनॅक. हे मध्य प्रांत-वऱ्हाडचे कापूस कमिशनर. नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला त्यांनी सुमारे तीनशे गोल पाहिले, काही उकरले, आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर लिहिलं. गोलातल्या काही धोंड्यांवर त्यांना वाटीएवढे खळगे कोरलेले दिसले. असेच खळगे स्कॉटलंडच्या शिळांवर असतात हे ते वाचून होते. वाचलं कुणाचं? एडिंबरोच्या सर जेम्स यंग सिम्प्सन यांचं. बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारे पहिले डॉक्टर ते हेच, आणि फावल्या वेळात ते दगडांवरचे खळगे मोजत फिरत.

खळगे सारखे म्हणून माणसं एकाच वंशाची, हा त्या काळचा सोपा तर्क. तो दोन कारणांनी ढासळला. स्कॉटलंडचे गोल इ.स.पू. २५००च्या आगेमागे, आपले त्यानंतर हजार-दीड हजार वर्षांनी आणि लोखंडासकट. दुसरं, दोहोंच्या मधल्या प्रदेशातून परंपरा सरकत आल्याची सलग साखळी नाही. आणि मुळात गोल काढायला कुणाकडून शिकावं लागत नाही. एक खुंटी आणि एक दोरी पुरते. शिवाय ठरावीक क्षेत्रफळ घेरायला सगळ्यांत कमी दगड गोलालाच लागतात, चौकोनाला जास्त.

असं असूनही एक साम्य खरोखर जवळचं आहे. स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसजवळ क्लाव्हा इथे चार हजार वर्षांपूर्वीचे दगडी ढीग आहेत. आत खोली, खोलीकडे जाणारी अरुंद वाट, ढिगाच्या कडेने धोंड्यांची किनार. ब्रह्मगिरीची पेटी पाहून आलेल्याला हे चटकन उमगेल. फरक एवढाच की क्लाव्हाला या सगळ्याच्या बाहेर उभ्या दगडांचं आणखी एक कडं आहे.

सूर्य पाहायचा होता का?

क्लाव्हाच्या वाटेतून उत्तरायण सुरू होण्याच्या सुमाराला, म्हणजे २१ डिसेंबरच्या आसपास, मावळत्या सूर्याचे किरण खोलीच्या आत पोचतात. हे दाखवून झालेलं आहे. मग आपल्या गोलांचाही सूर्याशी संबंध असेल का?

इथे भूगोल आड येतो. बंगळूर १३ अंश अक्षांशावर. वर्षभरात सूर्योदयाची जागा खऱ्या पूर्वेपासून उत्तरेला २४ आणि दक्षिणेला २४ अंश, एवढीच सरकते. इन्व्हर्नेस साडेसत्तावन्न अंशांवर, तिथे ती दोन्हीकडे ४८-४८ अंश सरकते, म्हणजे दुप्पट. २१ डिसेंबरला तिथला दिवस साडेसहा तासांचा आणि बंगळूरचा सव्वाअकरा तासांहून मोठा. सूर्य परत फिरतो की नाही याची धास्ती कुणाला जास्त वाटणार, हे सांगायला नको.

दुसरी अडचण मोजमापाची. दहा मीटर व्यासाच्या गोलात मीटरभराचा धोंडा केंद्रातून ११ अंश जागा व्यापतो. बंगळूरच्या सूर्योदयाचा वर्षभराचा सबंध पल्ला अशा चार धोंड्यांत मावतो. खेटून बसलेल्या तीस धोंड्यांत कुठला ना कुठला दगड अयनबिंदूवर येणारच. म्हणून ‘हा अमुक दगड सूर्योदयाच्या दिशेला आहे’ असं कुणी सांगितलं तर मी तरी लगेच मान डोलावत नाही. शिवमोगा जिल्ह्यातल्या निलसकलसारख्या ठिकाणांची गोष्ट वेगळी. तिथे सुट्या, उभ्या शिळा विखुरलेल्या आहेत, आणि शिळांच्या कित्येक जोड्या उत्तरायण-दक्षिणायनाच्या उदयास्ताच्या रेषांवर पडतात, असं श्रीकुमार मेनन आणि मयंक वाहिया प्रभृतींनी मोजून मांडलं. लांब अंतरावरच्या दोन शिळांनी दिशा नेमकी ठरते, जवळच्या गलेलठ्ठ धोंड्याने नाही.

चौकट : शेतातला गोल ओळखताना

शेतातले दगड वेचूनही ढीग होतो, पण तो बांधाला लागून आणि वेडावाकडा असतो. जुन्या गोलात कडेचे धोंडे आकाराने जुळते आणि आतले दगड बरेच लहान. कडेच्या धोंड्याची जमिनीलगतची बाजू पाहावी. तो मातीत रुतलेला असेल, वरचं दगडफूल अखंड असेल, तर तो बराच काळ हललेला नाही. एक गोल दिसला की आजूबाजूला दुसरा शोधावा, ते सहसा एकटे नसतात, आणि बहुधा पिकाऊ काळ्या जमिनीऐवजी मुरमाड, पडीक जागेत असतात. मधोमध खड्डा दिसला तर तिथे सोन्याच्या आशेने कुणीतरी उकरून गेलंय असं समजावं. शेतमालकाला विचारून आत जावं, काही उचलू नये, खापर दिसलं तर फोटो काढून तिथेच ठेवावं.

गोल नाहीसा कसा होतो

आधी आतला भराव जातो. रस्त्याच्या खडीला इतका आयता माल दुसरीकडे मिळत नाही. मग कडेचे धोंडे: जेसीबीला एक धोंडा म्हणजे एक मिनिट. झाकणाची शिळा ओढ्यावर टाकायला किंवा गोठ्यापुढे बसवायला कामाची. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगीवर, असा कायदा २०१० पासून आहे. पण तो यादीत नाव असलेल्या जागांना लागू. बंगळूरभोवतीच्या बहुतेक गोलांना यादीत नावच नाही, आणि शहराचा प्लॉटिंगचा वेग पाहता नाव लागेपर्यंत ते राहतील याची मला खात्री वाटत नाही.

तरीही दगड गेले म्हणजे सगळं गेलं असं होत नाही. एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी घट्ट होत नाही. बुजलेल्या खड्ड्यातली माती भुसभुशीत राहते, ओल जास्त धरते, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा तिथलं पीक भोवतालच्या पिकापेक्षा उशिरा सुकतं. खाली फरशी असेल तर उलट होतं, मुळांना जागा मिळत नाही आणि पीक आधी पिवळं पडतं. स्कॉटलंडमध्ये कोरड्या उन्हाळ्यात विमानातून काढलेल्या फोटोंवरून कितीतरी जुनी कडी अशीच सापडली. आपल्याकडे ड्रोन स्वस्त झालेत आणि पाऊस ओढ देतच असतो. ऑगस्टमधल्या एखाद्या कोरड्या आठवड्यात मागडी आणि होसकोट्याच्या नाचणीवरून एक चक्कर मारायला हरकत नाही.